मज्जातंतू राखायचे कोणी?

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे गाव परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. आणि दसरा उलटला की याच रस्त्याने संसाराची भांडी, शेळ्या, लहान मुले आणि कोयते यांनी भरलेल्या गाड्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या मज्जातंतूंना पोहोचणारी इजा हा विषय वास्तविक मोठ्या शहरांतील शस्त्रवैद्यांच्या परिषदांत चर्चिला जाणारा. परंतु तो या गावाच्या पारावर आणून ठेवल्यावाचून त्याचा पुरता उलगडा होणार नाही, असे माझे मत आहे. सन 2019 मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे आकडे रुजू झाले, त्यांनुसार बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी करण्यात आली आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. म्हणजे शंभरांत सुमारे सतरा. देशभरात 15 ते 49 या वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास आहे.

या विषयावर दोन पक्ष संभवतात, आणि ते मी दोन व्यक्तींच्या मुखाने मांडतो. पहिला पक्ष एका शस्त्रवैद्याचा. जन्माने याच मुलखातला, कर्करोगाच्या शस्त्रक्रियांत हयात घालवलेला आणि आपल्या विद्येवर निस्सीम निष्ठा असलेला. दुसरा पक्ष उपकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेल्या आरोग्यसेविकेचा. वाडीवस्तीवर जिला सगळे अक्का म्हणतात, आणि जिने शस्त्रक्रिया कधी केली नाही, पण शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचे पुढचे दिवस जवळून पाहिले आहेत. दोघेही लेखासाठी योजिलेले आहेत; त्यांच्या तोंडचे आकडे व वैद्यकीय माहिती मात्र कल्पित नाही.

डॉक्टरांनी प्रारंभ केला तो शरीररचनेपासून. ते म्हणाले, "अक्का, मूत्राशय भरून ठेवणे आणि वेळ आली की रिकामे करणे, ही दोन कामे आपल्याला एकच वाटतात, परंतु त्यांचा कारभार निरनिराळ्या मज्जातंतूंकडे आहे. पाठीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरून जे तंतू उतरतात, ते मूत्राशयाची भिंत सैल ठेवतात आणि त्याचे तोंड मिटून धरतात. त्रिकास्थीतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या छिद्रांतून जे तंतू निघतात, ते भिंतीला आकुंचन पावण्याचा हुकूम देतात. आणि आपल्या इच्छेने लघवी रोखून धरणारा जो बाहेरचा स्नायू, त्याचा तंतू तिसराच. यांपैकी पहिले दोन ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना, गुदाशय, गर्भाशयाचे मुख आणि मूत्राशय यांच्या कुशीत एकत्र येऊन एक पातळ जाळे विणतात. हे जाळे इतके नाजूक, आणि भोवतालच्या चरबीशी व रक्तवाहिन्यांशी इतके मिसळलेले, की ते आहे हे ठाऊक नसलेल्या हाताला ते दिसतच नाही. आणि जे दिसत नाही ते कापले जाते, ताणले जाते, किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी लावलेल्या विजेच्या उष्णतेने भाजून निघते."

"आणि तसे झाले म्हणजे बाईला काय होते?" अक्कांनी विचारले.

"कोणता तंतू गेला यावर ते अवलंबून आहे. आकुंचनाचे तंतू गेले तर मूत्राशय भरते, पण रिकामे होत नाही. कित्येकदा भरल्याची जाणीवही होत नाही. एरव्ही दीडशे-दोनशे मिलिलिटर साठले की लागल्यासारखे वाटते आणि चारशे-पाचशेला माणूस उठतोच. तिथे अशा रोगी बाईच्या पोटात लिटरभर साठले तरी ती शांत बसलेली असते, मग अतिरेक होऊन थेंबथेंब गळू लागते आणि घरचे समजतात की लघवी होते आहे. तोंड मिटून धरणारे तंतू गेले तर साठवण्याची शक्ती कमी होते. दोन्ही गेले तर दोन्ही दुःखे."

अक्का क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कारखान्यावरून परतलेली एक बाई मला म्हणाली होती, 'अक्का, लई दिस झालं, लघवी लागलेली कळतच न्हाई. सूर्य कुठं आलाय ते बघून जाऊन बसते.' तिची पिशवी काढली होती. तुमच्या विद्येत या बाईची जागा कोठे, ते मला आधी सांगा."

येथे वादाला खरा आरंभ झाला, कारण डॉक्टरांनी जे उत्तर दिले ते अक्कांना रुचणारे नव्हते. ते म्हणाले की साध्या गर्भाशय-उच्छेदनात शस्त्र गर्भाशयाला लगटून चालते आणि ते जाळे बहुतांशी बाजूला राहते. इंग्लंडात 279 स्त्रियांवर, गर्भाशयमुखासह आणि त्यावाचून, अशा दोन तऱ्हांच्या उच्छेदनांची तुलना करून 2002 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मूत्राशयाच्या कार्यात दोहोंमध्ये फरक आढळला नाही. "सबब प्रत्येक तक्रारीचे खापर मज्जातंतूंवर फोडणे शास्त्रीय नव्हे. रात्रंदिवस, निजता-उठता अखंड गळत असेल, तर मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला छिद्र पडले असण्याचा संभव आहे, आणि ते शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. खोकताना, शिंकताना, मोळी उचलताना गळत असेल, तर मूत्राशयाखालचा आधार ढिला पडला आहे. लागलेले कळत नाही आणि कुंथल्यावाचून होत नाही, ही मात्र मज्जातंतूंची खूण. तुमच्या त्या बाईला तिसरा प्रकार दिसतो, पण तो शस्त्रक्रियेने झाला की शस्त्रक्रियेनंतर भरलेले मूत्राशय कोणी वेळेवर रिकामे केले नाही म्हणून स्नायूच ताणून निकामी झाला, हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

माझ्या मते डॉक्टरांचा हा भेद अत्यंत मोलाचा आहे, आणि गावोगावच्या आशाताईंना तो तोंडपाठ असावा इतका मोलाचा आहे. कारण तीन दुखण्यांचे उपाय तीन, आणि 'पिशवी काढल्यावर असे व्हायचेच' या एका वाक्याखाली तिन्ही गाडली जातात. परंतु अक्कांनी तो भेद मान्य करूनही पुढचा प्रश्न सोडला नाही.

"आधार ढिला पडतो म्हणता, तो का पडतो?" त्या म्हणाल्या. "पहाटे तीनला उठायचे, पाचटात उभे राहून दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. कोपीपाशी संडास नाही, म्हणून पाणी प्यायचे नाही आणि लागली तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरायची. एक दिवस बसले तर मुकादम खाडा लावतो, आणि उचल आधीच घेतलेली असते. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की तिला सांगतात, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तिशीतल्या बाईला हे सांगतात, साहेब! ती ऑपरेशन करून घेते आणि टाके ओले असताना पुन्हा फडात उभी राहते. तुमचे जाळे साध्या ऑपरेशनात वाचते हे मी मानले. पण बाई वाचते का?"

डॉक्टरांनी हा आघात सरळ स्वीकारला. स्वीडनमधील एका विशाल अभ्यासाचा त्यांनी स्वतःहून उल्लेख केला: गर्भाशय काढलेल्या 1,65,260 स्त्रिया आणि न काढलेल्या 4,79,506 स्त्रिया यांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली असता, लघवी गळण्यावरील शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचा धोका पहिल्या गटात दुपटीहून अधिक आढळला, असे 2007 साली प्रसिद्ध झाले, आणि त्या गटाचे गर्भाशय-उच्छेदनही कर्करोगाखेरीज सौम्य कारणांसाठीच झालेले होते. "मोळी वाहणाऱ्या बाईला हा धोका स्वीडनच्या बाईपेक्षा कमी असेल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही," एवढे बोलून ते आपल्या मूळ मुद्द्याकडे वळले.

तो मुद्दा कर्करोगाचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशयाबरोबर भोवतालच्या ऊतींचा विस्तृत भाग काढावा लागतो, आणि तेथेच ते जाळे शस्त्राच्या वाटेवर येते. व्हिएन्नाच्या व्हेर्टहाइम यांनी ही महाशस्त्रक्रिया 1898 साली प्रथम केली. त्या काळी रोगी टेबलावरून जिवंत उठणे हेच यश होते आणि मूत्राशयाचा विचार करण्यास कोणाला उसंत नव्हती. क्योटोच्या ओकाबायाशी यांनी 1921 मध्ये ती अधिक विस्तृत व पद्धतशीर केली, त्याबरोबर मूत्राशयाचा लकवाही अधिक दिसू लागला. आणि मग जपानमध्येच, टोकियोच्या कोबायाशी यांनी 1961 मध्ये गर्भाशयाच्या बाजूच्या बंधातील रक्तवाहिन्यांचा भाग व मज्जातंतूंचा भाग निराळा करण्याची युक्ती मांडली. पुढे फुजी यांनी 2007 साली त्या तंतूंच्या शाखा कोठे गर्भाशयाकडे आणि कोठे मूत्राशयाकडे वळतात, याचे बारकाईने वर्णन केले, ज्यायोगे पहिल्या शाखा कापून दुसऱ्या राखता येतात.

हे सांगताना डॉक्टरांच्या मुद्रेवर जे तेज आले ते मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. "मूत्रवाहिनी हाताला लागली," ते म्हणाले, "की तिच्या खाली बोटभर अंतरावर, त्याच पडद्यात, एक फिकट, पिवळसर पांढरी पट्टी पाठीमागून पुढे जाताना दिसते. ती वरून उतरणाऱ्या तंतूंची. तिला कापसाच्या बोळ्याने हळुवार बाहेरच्या बाजूला लोटायचे आणि मगच गर्भाशयाला त्रिकास्थीशी बांधणारा बंध कापायचा. पुढे खोल गेले की गर्भाशयाची एक खोल शीर लागते. ती शीर म्हणजे सरहद्द समजायची. तिच्या खालून आकुंचनाचे तंतू वर येत असतात, म्हणून तिच्या खाली आंधळेपणाने चिमटा लावायचा नाही. रक्त आले तर घाईने वीज लावायची नाही. आधी पुसायचे, पाहायचे, नेमकी वाहिनी धरायची. हे सारे शिकता येते, अक्का. पुण्याच्या शैलेश पुणतांबेकर यांनी दुर्बिणीतून ही महाशस्त्रक्रिया करण्याची पद्धत 2007 साली 248 रोग्यांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली, ती जगभर पुण्याच्या नावाने ओळखली जाते. विद्या आपल्या दाराशी आहे."

"मग दुर्बिणीनेच करा ना सगळ्यांचे," अक्का म्हणाल्या.

"तेथेच सावध राहावे लागते. दुर्बिणीतून तंतू मोठे दिसतात हे खरे. पण 2018 साली 631 रोग्यांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत 86 टक्के. म्हणून माझा पक्ष मी लपवत नाही: जेथे तंतू आणि कर्करोग यांत निवड करण्याची पाळी येईल, तेथे मी तंतू सोडून देईन. रोगाचा अंश मागे ठेवून मूत्राशय वाचवले, तर ते मूत्राशय किती दिवस वापरायला मिळणार?"

अक्कांनी यावर जे म्हटले ते मला निरुत्तर करणारे वाटले. "निवड करण्याची पाळी येते ती बाई तुमच्यापर्यंत उशिरा येते म्हणून. रोग हरभऱ्याएवढा असताना आली असती तर?"

आणि या एका प्रश्नाने दोन्ही पक्ष अकस्मात जवळ आले, कारण याचे उत्तर डॉक्टरांपाशी तयार होते आणि ते अक्कांच्या बाजूचे होते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यांची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत होती अशा 700 स्त्रियांपैकी अर्ध्यांवर महाशस्त्रक्रिया व अर्ध्यांवर साधे गर्भाशय-उच्छेदन करण्यात आले. तीन वर्षांनी ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण महाशस्त्रक्रियेत 2.17 टक्के आणि साध्या शस्त्रक्रियेत 2.52 टक्के निघाले. म्हणजे फरक नगण्य. परंतु चार आठवड्यांनंतरही लघवी तुंबण्याची तक्रार पहिल्या गटात 9.9 टक्के स्त्रियांना होती, दुसऱ्या गटात 0.6 टक्के. गाठ लहान असताना सापडली तर त्या जाळ्याजवळ शस्त्र नेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

"लहान असताना शोधायची विद्याही परदेशातून आणावी लागत नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "आपल्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या लोकांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना घेऊन प्रयोग केला. त्यांतील एका गटाला, या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच तपासणी, एकदाच. आणि 2009 साली जाहीर झाले की त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तो निष्कर्ष साऱ्या जगाने उचलला."

"आणि आमच्या वाडीवर पोहोचला नाही," अक्का म्हणाल्या. "कॅन्सरचे भय पोहोचले, तपासणी पोहोचली नाही. भयाने पिशव्या निघाल्या."

मला या वाक्यापुढे काही जोडावेसे वाटत नाही.

मग वाद मंजुरीच्या नियमावर आला. या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये उठलेल्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यातील खासगी इस्पितळांनी जिल्हा शल्यचिकित्सकाच्या पूर्वमंजुरीशिवाय गर्भाशय काढू नये, असा दंडक घालण्यात आला. आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-उच्छेदन रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. डॉक्टरांना असले दंडक मनापासून नापसंत आहेत. रक्तस्रावाने पांढरी पडलेली बाई कागदावर सहीशिक्का होईपर्यंत ताटकळावी, हे त्यांना वैद्यकीच्या धर्माला सोडून वाटते. नव्वद टक्के चांगल्या वैद्यांना दहा टक्के वाईटांपायी दप्तरदिरंगाईची शिक्षा, असा काही हिशेब ते मांडू लागताच अक्कांनी त्यांना थांबवून विचारले, की हे टक्के कोणत्या नोंदवहीतले? डॉक्टरांनी ते तत्काळ मागे घेतले.

"साहेब," अक्का म्हणाल्या, "तातडीच्या रोग्याला वाट खुली असलीच पाहिजे, त्यात माझा वाद नाही. पण तो अर्ज भरताना डॉक्टरला एक रकाना भरावा लागतो, की ही पिशवी का काढायची, औषध देऊन पाहिले होते का. माझ्या सबंध नोकरीत हा प्रश्न बाईच्या वतीने कोणी विचारलेला मी पाहिला नव्हता. नवऱ्याने विचारला नाही, मुकादमाने तर नाहीच. आता कागद विचारतो, तर विचारू द्या."

येथे मी अक्कांच्या बाजूचा आहे. मज्जातंतू राखण्याची जी उत्तमोत्तम विद्या डॉक्टरांनी सांगितली, तिचा अंमल शस्त्र त्वचेला लागल्यानंतर सुरू होतो. आणि बीडमध्ये ज्या हजारो जणींचे गर्भाशय निघाले, त्यांतील पुष्कळशा शस्त्रक्रिया त्या क्षणाच्या आधीच, कारण विचारून थांबवता आल्या असत्या. तथापि अक्कांच्या पक्षातही एक उणीव आहे. अनावश्यक शस्त्रक्रियांवरचा रास्त संताप वाढत वाढत शस्त्रक्रियेच्याच भयाचे रूप घेतो, आणि मग जिला खरोखर कर्करोग आहे ती 'पिशवी काढायची नाही' म्हणून घरी बसते. असे झाले तर आज 2 सेंटिमीटरची असलेली गाठ उद्या शस्त्राच्या आवाक्याबाहेर जाईल आणि किरणोपचाराखेरीज मार्ग राहणार नाही.

शेवटी दोघांचे बोलणे त्या गोष्टीवर आले जिच्यावर पाठ्यपुस्तकांत फार थोडी पाने असतात: शस्त्रक्रियेनंतरची लघवीची नळी. नळी किती दिवस ठेवावी हे शस्त्रक्रियेच्या विस्तारावर अवलंबून असते. साध्या उच्छेदनात दिवस-दोन दिवस, महाशस्त्रक्रियेत कित्येक दिवस, कधी आठवडे. परंतु काढल्यावर मोजणे अवश्य आहे. अक्कांनी मोजण्याची रीत स्वतः केलेल्या कामाप्रमाणे सांगितली: बाईला भांड्यात लघवी करू द्यायची, ती मापाने मोजायची, आणि लगेच बारीक नळी घालून किंवा सोनोग्राफीने आत किती उरली ते पाहायचे. शंभर मिलिलिटरच्या आत उरली तर सहसा चिंता नसते. जास्त उरत राहिली तर नळी पुन्हा घालावी लागते, किंवा बाईला स्वच्छ हाताने ठरावीक वेळाने स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवावे लागते. ही स्वतः करण्याची पद्धत अमेरिकेतील लॅपिडिस यांनी 1972 मध्ये रूढ केली, आणि तिने असंख्य रोग्यांची मूत्रपिंडे वाचवली आहेत. ताणलेल्या तंतूंना पूर्ववत होण्यास महिने लागतात. तोवर मूत्राशय फुगू न देणे हाच त्यांच्यावरचा उपचार.

"हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलाशी शिकवतो," डॉक्टर म्हणाले, "पण नळी काढली जाते तेव्हा मी तेथे नसतो."

"आम्ही असतो," अक्का म्हणाल्या. "आम्हाला शिकवा."

सिरसाळ्याच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या वाचकांना माझी विनंती अशी. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर कारण लेखी मागावे, औषधाने भागेल का ते विचारावे, आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. कर्करोग ठरला असेल, तर मूत्राशयाचे मज्जातंतू राखता येतील का, हा प्रश्न शस्त्रवैद्याला निःसंकोच विचारावा. आणि शस्त्रक्रिया कोणतीही असो, नळी काढल्यापासून सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट टणक होऊनही लागल्याची जाणीव होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी इस्पितळात परत जावे.